अर्जांचा ढीग

२०१२ साली बॉस्टन कॉलेजनं आपल्या प्रवेश अर्जाला एक जादा निबंध जोडला. फार मोठा नाही, चारशे शब्दांचा. दिलेल्या विषयांपैकी एक निवडायचा आणि लिहायचा. आदल्या वर्षी या कॉलेजकडे ३४ हजार अर्ज आले होते. निबंध जोडल्यावर ते २५ हजारांच्या आसपास आले. कॉलेज तेच, प्राध्यापक तेच, बॉस्टनची थंडीही तीच. चारशे शब्द लिहायचे म्हटल्यावर दर चार अर्जदारांतला एक जण वाटेतूनच परत फिरला.

कॉलेजला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. ज्यांना मनापासून इथे यायचंय त्यांनीच अर्ज करावा, हाच हेतू होता. पण अमेरिकेत दर वसंत ऋतूत ‘अमुक कॉलेजकडे यंदा विक्रमी अर्ज’ अशा बातम्या येतात, त्या वाचताना हे चारशे शब्द आठवावेत. अर्जांच्या आकड्यात कॉलेजची ओढ किती आणि अर्ज करण्याची सोय किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. या प्रकरणात ते दोन्ही वेगळं करून बघायचं आहे.

(मधेच एक खुलासा. बॉस्टन कॉलेज नावानं कॉलेज असलं तरी ते पूर्ण विद्यापीठ आहे. अमेरिकेत बोलताना पदवीच्या चार वर्षांना सरसकट ‘कॉलेज’ म्हणतात. इथेही तसंच म्हणतो.)

हेच बॉस्टन कॉलेज याच्या नेमक्या उलट कारणासाठीही प्रसिद्ध आहे. २३ नोव्हेंबर १९८४. मायामीत अमेरिकन फुटबॉलचा सामना, शेवटचे सहा सेकंद उरलेले, बॉस्टन कॉलेज मागे. डग फ्लूटी हा त्यांचा जेमतेम पावणेसहा फुटी खेळाडू मागे मागे सरकला आणि साठेक यार्डांवर चेंडू भिरकावला. तो प्रतिस्पर्ध्यांच्या डोक्यांवरून जाऊन जेरार्ड फेलनच्या हातात विसावला. ४७-४५. सामना देशभर टीव्हीवर दिसत होता. कॉलेजचे अर्ज त्या सुमाराच्या दोन वर्षांत १२ हजार चारशेच्या आसपासवरून १६ हजारांच्या वर गेले. एखादा संघ जिंकला की त्याच्या कॉलेजकडे अर्जांची रीघ लागते, या समजुतीला तेव्हापासून ‘फ्लूटी इफेक्ट’ असं नावच पडलं.

गोष्ट छान आहे, म्हणून ती टिकली. पण आतल्या माणसांना ती कधीच पुरती पटली नाही. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला बॉस्टन कॉलेज दिवाळखोरीच्या काठावर होतं. जेझुइटांनी १८६३ साली काढलेलं, आसपासच्या आयरिश कॅथलिक घरांतल्या मुलांचं कॉलेज. मुलं सकाळी येत आणि संध्याकाळी घरी जात. तिथे जॅक मॅग्वायर नावाचा भौतिकशास्त्राचा माणूस प्रवेश विभागाचा प्रमुख झाला. त्यानं प्रवेशाकडे भौतिकशास्त्रज्ञाच्या नजरेनं पाहिलं. अर्ज कुठून येतात, प्रवेश देऊनही कोण येत नाही, ते कुठे जातात, किती आर्थिक मदत दिली तर येतात. हे सगळं मोजायचं आणि त्यावरून वसतिगृहं, शिष्यवृत्त्या, माजी विद्यार्थ्यांचं जाळं यांची आखणी करायची. या कामाला त्यानं ‘एन्रोलमेंट मॅनेजमेंट’ असं नाव दिलं. आज अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक कॉलेजात या नावाचं खातं आहे, आणि त्याचा प्रमुख कुलगुरूंच्या अगदी जवळ बसतो. फ्लूटीनं चेंडू फेकला तेव्हा हे काम दहाएक वर्षं चालू होतं. अर्ज आधीपासूनच चढत होते. चेंडू सगळ्यांना दिसला, मॅग्वायरचे तक्ते कोणी पाहिले नाहीत.

हाच प्रकार पुढे अलाबामात झाला. २००७ साली निक सेबन तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक झाला, विजेतेपदांची रांग लागली, आणि दहा वर्षांत विद्यार्थिसंख्या २५ हजारांच्या घरातून ३८ हजारांच्या घरात गेली. निम्म्याहून अधिक मुलं राज्याबाहेरची. सेबनचं श्रेय कोणी नाकारत नाही. पण राज्य सरकारचं अनुदान आटत चाललं तेव्हा राज्याबाहेरची, जास्त फी भरणारी मुलं आणायची असं विद्यापीठानं सेबन येण्याआधीच ठरवलं होतं. त्यासाठी दुसऱ्या राज्यांत माणसं नेमून ठेवली होती आणि चांगल्या गुणांच्या मुलांसाठी घसघशीत शिष्यवृत्त्या जाहीर केल्या होत्या.

अर्ज मुळात स्वस्त कसा झाला, ते आता पाहू. अमेरिकेत आपल्यासारखी एकच प्रवेश परीक्षा आणि एकच गुणवत्ता यादी नसते. प्रत्येक कॉलेजचा आपला प्रवेश विभाग, आपले निकष. शाळेतले गुण, शिक्षकांची शिफारसपत्रं, निबंध, खेळ, नाटक, समाजसेवा हे सगळं बघून माणसं निर्णय घेतात, आणि ‘का नाही’ हे सांगायला ती बांधील नसतात. पूर्वी प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा असे. टंकलेखन यंत्रावर, प्रत्येक रकाना जुळवत, प्रत्येक शिफारस निराळी मागवत तो भरायचा. चार-पाच फॉर्म भरले की मुलगा आणि आईबाप दोघंही थकत. १९७५ साली १५ खासगी कॉलेजांनी एकत्र येऊन एकच सामायिक अर्ज काढला, तो ‘कॉमन ॲप्लिकेशन’. १९९८ साली तो ऑनलाइन झाला. आज हजाराहून अधिक कॉलेजं त्यात आहेत. एक अर्ज भरायचा आणि २० पर्यंत कॉलेजांना पाठवायचा. काही कॉलेजं वर आपला छोटा निबंध मागतात, काही तोही मागत नाहीत. फी साधारण ५० ते ९० डॉलर असते, पण बरीच कॉलेजं ती माफ करतात. अलीकडच्या एका हंगामात या अर्जावरून सुमारे १४ लाख मुलांनी अर्ज केले, सरासरी माणशी सहाहून अधिक.

इथे एक साधा हिशेब करून पाहावा. समजा देशात दहाच कॉलेजं आहेत, प्रत्येकी हजार जागा, आणि मुलं दहा हजार. प्रत्येकानं दोन-दोन अर्ज केले, तर प्रत्येक कॉलेजला दोन हजार अर्ज येतात. दोन अर्जांमागे एक जागा. पुढच्या वर्षी अर्ज करणं सोपं झालं आणि प्रत्येकानं पाच-पाच केले. आता प्रत्येक कॉलेजला पाच हजार अर्ज, म्हणजे पाच अर्जांमागे एक जागा. दहाही कॉलेजं ‘अडीचपट लोकप्रिय’ झाली आणि दहाही ठिकाणी प्रवेश ‘अवघड’ झाला. जागा तेवढ्याच, मुलं तेवढीच, आणि शेवटी सगळी कुठे ना कुठे बसली. आता हे आकडे वाचून तिसऱ्या वर्षीची मुलं घाबरतात आणि आठ-आठ अर्ज करतात.

शिकागो विद्यापीठानं या हिशेबाबाहेर राहायचा प्रयत्न बरीच वर्षं केला. त्यांच्या अर्जाचं नावच ‘अनकॉमन ॲप्लिकेशन’ होतं. त्यातले निबंधाचे विषय विचित्र असत. एका वर्षी नुसतंच ‘क्ष शोधा’ म्हणून सोडून दिलं होतं. असे विषय आजी-माजी विद्यार्थी सुचवत. ज्याला असल्या प्रश्नाशी तासभर खेळावंसं वाटतं तोच मुलगा इथे रमेल, असा त्यामागचा विचार. कॉलेजची ख्याती अभ्यासू, रुक्ष म्हणून होती. करमणूक इथे मरायला येते, अशा अर्थाचे टी-शर्ट मुलं स्वतःच घालत. फुटबॉलचा मोठा संघ त्यांनी १९३९ सालीच बंद करून टाकला होता. २००५ च्या सुमारास शिकागो दहा अर्जदारांपैकी जवळजवळ चौघांना प्रवेश देत असे. मग २००८ मध्ये विद्यापीठ कॉमन ॲप्लिकेशनमध्ये सामील झालं, प्रवेश विभागाचा प्रमुख बदलला, पत्रकांचा मारा सुरू झाला. दहा वर्षांत प्रवेशाचं प्रमाण सात-आठ टक्क्यांवर उतरलं, पुढे त्याहूनही खाली. विचित्र निबंध मात्र त्यांनी सोडले नाहीत. शिकागोची विद्या त्या दहा वर्षांत पाचपट वाढली असं कोणी म्हणणार नाही. नोबेल मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ तिथे आधीही होतेच.

ही पत्रकं कशी येतात तेही गमतीचं आहे. अमेरिकेत पंधरा-सोळा वर्षांची मुलं एसएटी या प्रवेशासाठी धरल्या जाणाऱ्या परीक्षेची तालीम म्हणून पीएसएटी परीक्षा देतात. त्यांनी संमती दिली की कॉलेज बोर्ड ही परीक्षा घेणारी संस्था त्यांची नावं आणि पत्ते कॉलेजांना पुरवते. काही वर्षांपूर्वी त्याचा दर नावामागे ४७ सेंट असा होता. मग त्या मुलाच्या घरी रंगीत पत्र पडतं: तुमच्यासारख्या गुणी विद्यार्थ्याची आम्ही वाटच पाहत होतो. सोबत आधीच नाव-पत्ता भरलेला अर्ज, फी माफ, निबंधाची गरज नाही, मुदत जवळ आली आहे. असे ‘झटपट अर्ज’ तयार करून देणारी मोठी कंपनी होती व्हर्जिनियातली रॉयल अँड कंपनी. तिचे संस्थापक बिल रॉयल हे राजकीय प्रचाराची पत्रं घरोघर पाठवण्याच्या धंद्यातून आलेले. मतदारावर वापरायचं तंत्र त्यांनी बारावीच्या मुलांवर वापरलं आणि ते चाललं. यात एक क्रूर भाग आहे. ज्याला प्रवेश मिळण्याची अजिबात शक्यता नाही त्यालाही पत्र जातं, कारण त्याचा अर्ज आला तर नाकारलेल्यांचा आकडा वाढतो आणि कॉलेज अधिक दुर्मीळ दिसतं. घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजला जाणार असेल, तर ते पत्र लोक खरं धरून चालतात.

न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठाची गोष्ट मात्र निव्वळ जाहिरातीची म्हणता येत नाही. २७ ऑगस्ट २००५, शनिवार. नव्या मुलांचा वसतिगृहात राहायला येण्याचा दिवस. आईबाप गाद्या, दिवे, छोटे फ्रिज उतरवत होते आणि त्याच दिवशी सांगण्यात आलं की चक्रीवादळ येतंय, शहर सोडा. दोन दिवसांनी कतरिना आलं. टुलेन पूर्ण सत्र बंद राहिलं, मुलं देशभरातल्या दुसऱ्या कॉलेजांत तात्पुरती शिकली. अभियांत्रिकीचे अनेक विभाग खर्चापायी बंद करावे लागले. असं कॉलेज उठेल की नाही, हाच प्रश्न होता. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी पदवीसाठी लोकसेवेचं काम सक्तीचं केलं. उद्ध्वस्त शहर उभं करायला या, असं तरुण मुलांना सांगितलं. ते आवाहन अनेकांना भिडलं. त्याच काळात त्यांनी अर्जही फुकट केला आणि भरपूर मुलांच्या घरी तो पाठवला. वादळाआधी साडेसतरा हजारांच्या आसपास असलेले अर्ज २०१० पर्यंत ४४ हजारांच्या जवळ पोचले. यात आवाहनाचा वाटा किती आणि फुकट अर्जाचा किती, हे टुलेनलाही नक्की सांगता येणार नाही. मला वाटतं, दोन्ही एकमेकांच्या आधारानं चालले.

पण अर्ज वाढले की नवी पंचाईत होते. एकेका मुलाच्या हातात चार-पाच प्रवेशपत्रं असतात, येतो तो एकाच ठिकाणी. हजार जागा भरायला हजार जणांना होकार देऊन भागत नाही, तीन-चार हजारांना द्यावा लागतो. जास्त दिला आणि सगळेच आले तर वसतिगृहात खाटा नाहीत, कमी दिला तर बाकं रिकामी. होकार दिलेल्यांपैकी प्रत्यक्ष येणाऱ्यांच्या प्रमाणाला तिथे ‘यील्ड’ म्हणतात, आणि प्रवेश विभागाच्या माणसांची झोप तो आकडा उडवतो. त्यावरचा तोडगा म्हणजे ‘अर्ली डिसिजन’. नोव्हेंबरमध्ये एकाच कॉलेजला अर्ज करायचा, डिसेंबरात निकाल, आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असं आधीच लिहून द्यायचं. कॉलेजला खात्री मिळते आणि यील्ड शंभर टक्क्यांच्या जवळ जातो. टुलेननं एका वर्षी सुमारे दोन तृतीयांश वर्ग असाच भरला. शिकागोनं २०१६ पासून याच्या दोन-दोन फेऱ्या सुरू केल्या. मुलाच्या बाजूनं पाहिलं तर ही सोय पैसेवाल्यांची आहे. कोणतं कॉलेज किती आर्थिक मदत देतं याची तुलना करायची मुभाच त्यात राहत नाही. ज्याला फीची चिंता नाही तोच डोळे मिटून सही करतो.

यील्डच्या काळजीतून आणखी एक वागणूक जन्मली. तिला चेष्टेनं ‘टफ्ट्स सिंड्रोम’ म्हणतात, बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठावरून. खूपच हुशार मुलाचा अर्ज आला, तर हा आपल्याकडे येणार नाही, हार्वर्डला जाईल, असं गृहीत धरून त्याला आधीच नकार द्यायचा. टफ्ट्सनं हे खरंच केलं की नाही यावर वाद आहे. नाव मात्र त्याला कायमचं चिकटलं.

आता क्रमवारीकडे येऊ. ‘यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ या साप्ताहिकानं १९८३ साली पहिल्यांदा कॉलेजांची क्रमवारी छापली. साप्ताहिक म्हणून ते पुढे मागे पडलं, क्रमवारी मात्र देशाची खोड होऊन बसली. या क्रमवारीशी बॉस्टनच्याच नॉर्थईस्टर्न विद्यापीठानं जो खेळ केला, तो अभ्यासण्यासारखा आहे. १८९८ साली वायएमसीएच्या संध्याकाळच्या वर्गांतून सुरू झालेलं हे कॉलेज. नोकरी करत शिकणारी, घरून ये-जा करणारी मुलं. १९९० च्या सुमारास विद्यार्थी घटले, पैशाची चणचण झाली, माणसं कमी करावी लागली. १९९६ साली रिचर्ड फ्रीलंड अध्यक्ष म्हणून आले तेव्हा क्रमवारीत कॉलेज १६२ वं होतं. फ्रीलंडनी साप्ताहिकाचं सूत्र उलगडून घेतलं, त्याचे आकडे सांभाळणाऱ्यांना जाऊन भेटलेही. सूत्रात वीसपेक्षा कमी मुलांच्या वर्गांना गुण होते. नॉर्थईस्टर्ननं अनेक वर्गांची कमाल मर्यादा १९ केली. पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण वाढावं म्हणून नवी वसतिगृहं बांधली. कॉमन ॲप्लिकेशन घेतलं, अर्ज वाढवले. २००६ साली कॉलेज ९८ व्या क्रमांकावर आलं, २०१३ साली ४९ व्या. काही नवी मुलं पहिलं सत्र परदेशात घालवून मग बॉस्टनला येतात. त्यांची गणती शरद ऋतूतल्या आकड्यांत होत नाही, असाही आक्षेप या कॉलेजवर घेतला गेला.

हे सगळं वाचून नॉर्थईस्टर्न म्हणजे नुसता आकड्यांचा डाव, असं वाटेल. तसं म्हणणं अन्यायाचं होईल. या कॉलेजपाशी १९०९ पासून एक खरी वस्तू आहे: ‘को-ऑप’. शिकता शिकता सहा-सहा महिने पगारी नोकरी करायची, परत वर्गात यायचं, पुन्हा नोकरी. गरीब मुलांची सोय म्हणून सुरू झालेली ही पद्धत शंभर वर्षांनी सगळ्यांनाच हवीशी झाली, कारण २००८ च्या मंदीनंतर आईबापांचा पहिला प्रश्न नोकरीचाच असे. क्रमवारीनं दार उघडलं, को-ऑपनं माणसं आत ओढली. अलीकडे तिथे पदवीच्या पहिल्या वर्षासाठी ९५ हजारांहून अधिक अर्ज येतात आणि पाच-सहा टक्क्यांना प्रवेश मिळतो. परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येत न्यूयॉर्क विद्यापीठानंतर याचा नंबर लागतो, वीस हजारांहून अधिक. पुण्या-मुंबईतून एमएसला जाणाऱ्यांच्या यादीत ‘नॉर्थईस्टर्न’ हटकून असतं, आणि आपली मुलं त्याची निवड करतात ती बहुतेक को-ऑपसाठीच. त्यांना १९ मुलांच्या वर्गाचं काही पडलेलं नसतं. तो हिशेब पदवीच्या वर्गांचा, एमएसचा नव्हे. २०२३ साली ‘यू. एस. न्यूज’नं वर्गाच्या आकाराचा निकषच काढून टाकला. नॉर्थईस्टर्न ४४ वरून ५३ वर घसरलं. दाराबाहेरची रांग काही कमी झाली नाही.

वर्गांच्याच आकड्यांवरून त्याच्या वर्षभर आधी कोलंबिया विद्यापीठाची नाचक्की झाली होती. तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या विद्यापीठाचे आकडे तपासून जाहीर केले. विद्यापीठ म्हणत होतं, आमचे ८२ टक्क्यांहून अधिक वर्ग विसांपेक्षा लहान आहेत. थॅडियस यांनी वेळापत्रकावरून एकेक वर्ग मोजला तेव्हा प्रमाण ६३ ते ६७ टक्क्यांच्या मध्ये आलं. त्याच वर्षी कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर गेलं आणि पुढे त्यानं क्रमवारीतून अंगच काढून घेतलं. त्यानंतरच्या वर्षांतही त्याचे अर्ज ५५ हजारांच्या खाली आले नाहीत. वर चढणाऱ्याला क्रमवारी मदत करते. जो आधीच शिखरावर आहे, त्याचं ती फारसं बिघडवू शकत नाही.

अर्जांच्या या गदारोळात एक गोष्ट दृष्टीआड होते. अर्थशास्त्रज्ञ कॅरोलाइन हॉक्सबी यांनी २००९ साली १९६२ पासूनच्या प्रवेशांचा अभ्यास मांडला. त्यात दिसलं की निम्म्याहून अधिक अमेरिकन कॉलेजांत प्रवेश मिळणं १९६२ पेक्षा सोपं झालं आहे. कठीण झालंय ते वरच्या दहा टक्क्यांत. कारण साधं आहे. पूर्वी हुशार मूल घराजवळच्या कॉलेजात जाई. विमानप्रवास स्वस्त झाला, घरी फोन करणं परवडू लागलं, दूरच्या कॉलेजची माहिती मिळू लागली, तशी सगळी हुशार मुलं त्याच मोजक्या नावांकडे वळली. मधली आणि खालची कॉलेजं आज विद्यार्थी शोधत फिरतात. फिलाडेल्फियाचं युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स जून २०२४ मध्ये जेमतेम आठवड्याची सूचना देऊन कायमचं बंद झालं. अमेरिकेत २००७ साली जन्मांचा उच्चांक झाला, मग ते घटत गेले. ती मुलं आता अठरा वर्षांची झाली आहेत. पुढे दरवर्षी अर्जदारच कमी असणार.

मग खरी पसंती मोजायची कशी? हॉक्सबी, क्रिस्टोफर एव्हरी, मार्क ग्लिकमन आणि अँड्र्यू मेट्रिक यांनी त्यावर एक झकास उत्तर काढलं. अर्ज विसरा, क्रमवारीही विसरा. एखाद्या मुलाच्या हातात दोन कॉलेजांची प्रवेशपत्रं आहेत आणि तो त्यातलं एक निवडतो, हा त्या दोन कॉलेजांमधला सामना समजा. निवडलेलं जिंकलं, सोडलेलं हरलं. ३,२४० हुशार मुलांच्या निवडींवरून असे हजारो सामने मिळाले. ग्लिकमन बुद्धिबळपटूंची मानांकनं काढण्याच्या गणितातले जाणकार, तेच गणित त्यांनी इथे लावलं. हार्वर्ड पहिलं आलं, यात कोणाला नवल वाटलं नाही. पण पद्धतीचा गुण असा की तिच्यात फसवणूक करणं कठीण. फुकट अर्ज वाटून सामना जिंकता येत नाही, हुशार मुलाला नकार देऊनही नाही. चारशे शब्दांनी कंटाळून पळून गेलेली मुलं इथे मुळात मोजलीच जात नाहीत. लोकप्रियता विचारायची असेल तर ती हातात दोन पत्रं असलेल्याला विचारावी. नुसता अर्ज पाठवणाऱ्याचं अजून काहीच पणाला लागलेलं नसतं.

योगायोग असा की हॉक्सबींचा हिशेब ज्या १९६२ पासून सुरू होतो, त्याच साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी कॉलेज प्रवेश आणि लग्नं या दोन्हींवर मिळून एक छोटा लेख लिहिला होता. कॉलेजला कळत नाही की कोणाला होकार दिला तर तो येईल, मुलाला कळत नाही की थांबावं की हो म्हणावं. त्यांनी सुचवलं: मुलानं पहिल्या पसंतीच्या ठिकाणी विचारावं, तिथल्यांनी त्यातले सर्वांत चांगले नुसते धरून ठेवावेत आणि बाकीच्यांना नाही म्हणावं. नकार मिळालेल्यांनी दुसऱ्या पसंतीकडे जावं. नवीन आलेला अधिक चांगला असेल तर धरलेल्यांपैकी एकाला सोडता येतं. आपल्याकडे स्थळं बघताना घरोघर हेच चालतं, फक्त पत्रिका धरून ठेवल्याचं कोणी उघड कबूल करत नाही. या गणितातून शेवटी अशी जुळणी निघते की ती मोडून एकमेकांकडे जावंसं दोघांनाही वाटेल अशी कोणतीच जोडी उरत नाही. शॅप्लींना त्यासह केलेल्या कामासाठी २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अमेरिकेनं आपल्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणाच्या जागा या जातीच्या पद्धतीनं भरल्या, कॉलेजं मात्र भरली नाहीत. आपल्याकडे आयआयटी आणि एनआयटींचे एकत्रित प्रवेश २०१५ पासून याच तत्त्वावर चालतात, आणि महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या ‘कॅप’ म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्याही याच विचाराच्या जवळ आहेत.

कॅपमध्ये कॉलेजला ‘नाही’ म्हणायची सोय नाही (मॅनेजमेंट कोट्याची बात वेगळी). मूल ऑप्शन फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय क्रमानं लिहितं, बाकी काम पर्सेंटाइल करतो. अमुक कॉलेजकडे किती अर्ज आले, हा प्रश्न इथे कोणी विचारत नाही. विचारला तरी उत्तराला अर्थ नाही. इथे लोकप्रियता दिसते ती कटऑफमध्ये, म्हणजे शेवटची जागा कितीला गेली त्यात. पुण्याचं १८५४ चं सीओईपी आणि मुंबईचं १८८७ चं व्हीजेटीआय तिथे वर असतात हे ठीकच, त्यांच्यामागे दीडशे वर्षं उभी आहेत. पण पुण्यातल्याच धनकवडीचं पीआयसीटी १९८३ चं. आवार लहान, इमारतींत काही ऐट नाही, तरी कॉम्प्युटरला शेवटची जागा ९९ पर्सेंटाइलच्या आसपास जाते. झटपट अर्जाच्या युक्त्या इथे चालत नाहीत, म्हणून दुसऱ्या निघाल्या. जून-जुलैत पेपरभर जाहिराती येतात, त्यांत सर्वांत मोठ्या अक्षरांत एकाच मुलाला मिळालेलं सर्वोच्च पॅकेज असतं. मधल्या मुलाला किती मिळालं, ते सहसा छापत नाहीत.

आणि कटऑफ तरी कितपत निर्मळ? ऑप्शन फॉर्म भरताना घरोघर काय उघडलेलं असतं, तर गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ. ज्याचा कटऑफ वर, ते नाव वर लिहायचं. त्यातून यंदाचा कटऑफ तयार होतो, आणि तो पाहून पुढच्या वर्षीची मुलं लिहितात. साठ-सत्तरच्या दशकांत देशातली अव्वल मुलं कानपूरकडे बघत. नऊ अमेरिकन विद्यापीठांनी ती आयआयटी उभी करायला हात दिला होता आणि १९६३ मध्येच तिथे आयबीएमचा संगणक आला होता. गेल्या काही वर्षांत जेईई ॲडव्हान्स्डच्या पहिल्या शंभरातले साठाहून अधिक जण पवईत, मुंबईच्या आयआयटीत जातात. कारण विचारलं तर पहिलं उत्तर बहुधा हेच येतं की गेल्या वर्षीचेही तिथेच गेले.

तरीही साखळी कधी कधी तुटते. २००८ साली सुरू झालेल्या आयआयटी हैदराबादचं कॉम्प्युटर सायन्स आता बनारसच्या आयआयटीतल्या कॉम्प्युटर सायन्सच्या आधी भरतं. बनारसचं इंजिनिअरिंग कॉलेज १९१९ चं. हैदराबादनं फुकट अर्ज वाटले नाहीत, वर्ग १९ वर आणले नाहीत, त्यांच्याकडून चेंडूही कोणी भिरकावला नाही. ते कॉलेज शहराबाहेर कंदीला आहे आणि शहरात गचीबोली, हायटेक सिटी, मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची कार्यालयं. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत इंटर्नशिप कुठे मिळेल, हे ऑप्शन फॉर्म भरणाऱ्या मुलांना चांगलं ठाऊक असतं. त्यावर बनारसनं काय करावं, याचं उत्तर बनारसच्या प्राध्यापकांपाशी नाही. ते तिथे कोण कार्यालय उघडतं यावर ठरणार आहे.